नंबर माझ्याकडं, पत्ते तिच्याकडं

दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात कापूस साठतो तसे ते साठत जातात. आज झाडून काढा, उद्या तेवढेच पुन्हा. डॉक्टर लोकांनी केसपेपर जपले, मी हे जपले. माझी जागाच तशी होती. टेलिफोनच्या बोर्डावर बसलेल्या बाईला सगळ्या दवाखान्याच्या पोटातलं कळतं.

आधीच सांगून टाकते, म्हणजे मधे कुणी बोलायला नको. मी धाराशिवच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आया म्हणून लागले. शाळा दुसरी. फरशी पुसत पुसत, जुन्या ऑपरेटरच्या पाठीमागून बघत बोर्ड शिकले. इंग्रजी अक्षरं औषधांच्या खोक्यांवरून शिकले. एक दिवस ऑपरेटर आला नाही आणि दवाखाना मुका झाला. मी फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि खुर्चीत बसले. ती खुर्ची मग रिटायर होईपर्यंत सोडली नाही! अजूनही कुणी 'मावशी' म्हणून हाक मारली तर मी मान वळवत नाही. ऑपरेटर म्हणा, नाहीतर कौसल्याबाई म्हणा.

रिटायर झाल्यावरसुद्धा मला बोलावून घेतलं. का, ते पुढं येईलच.

*

जुना बोर्ड काढून इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचं ट्रस्टनं ठरवलं, आणि मदतीला मला परत बोलावलं. इमारतीच्या भिंती जाड, तळघरात मोबाईलला रेंज नाही, ऑपरेशन थिएटरात मोबाईल न्यायची बंदी. म्हणजे खोलीखोलीत फोन तर पाहिजेच. पण माझ्या बोर्डाला काय धाड भरली होती? मला राग आला, खोटं कशाला सांगू.

बसवायला कंपनीनं पाठवलं कुणाला, तर तबस्सुमला. पोरगी इथलीच, डिप्लोमा झालेली. अंगानं काडी. खांद्यावरची लॅपटॉपची बॅग तिच्यापेक्षा वजनदार.

ट्रस्टच्या सेक्रेटरी साहेबांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. "दसऱ्यापर्यंत महिनाभर बघू. खंडेनवमीला चार वाजता मी स्वतः फोन लावून तपासणार. एक जरी फोन भलत्या खोलीत वाजला, तर हे सगळं उतरवायचं आणि जुना बोर्ड परत चढवायचा. नीट चाललं, तर सांभाळायला ही पोरगी इथंच पर्मनंट."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "पर्मनंटचं एवढं काय? कंपनी हाय की तुझी."

"कंपनी पुण्याला पाठवणार, खाला. घरी आब्बा एकटे. दोन्ही डोळे गेलेत त्यांचे. पुण्याच्या एका खोलीत त्यांना दिवसभर कुणाच्या भरवशावर ठेवू? इथं निदान गल्ली ओळखीची हाय."

खाला म्हणजे मावशीच, पण तिच्या तोंडून मला चाललं. बोर्ड माझा जाणार होता, आणि राहिला तर पोरीचं घर उठणार होतं. असा तिढा कधी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ती म्हणाली, "यादी द्या. कुठला नंबर कुठल्या खोलीत, कोण उचलतं."

मी कपाळावर बोट ठेवलं. "हितं हाय."

"कागदावर न्हाय?"

"कागद उंदरं खातेत."

मग मी डोळे मिटून चौतीस नंबर म्हणून दाखवले. अकरा ओपीडी, बारा एक्स-रे, एकवीस लेबर रूम, सत्तावीस स्वयंपाकघर, तीस तळघरातलं औषधाचं स्टोअर. ती टाइप करत गेली. तिच्या लॅपटॉपात आधीच एक उभी ओळ होती: चौतीस फोनांचे इंटरनेटवरचे पत्ते. आकडा, टिंब, आकडा, टिंब. पण त्यातला कुठला कुणाला द्यायचा हे तिला ठाऊक नव्हतं. नंबर माझ्याकडं, पत्ते तिच्याकडं! दोन्ही ओळी समोरासमोर बसल्या आणि दवाखाना बोलायला लागला.

मी टोमणा मारलाच. "घेतलंस ना डोकं रिकामं करून? आता मला कशाला ठिवतेल?"

ती मान वर न करता म्हणाली, "सोपानराव स्वयंपाकी दोन ते तीन घोरत असतात, तेव्हा सत्तावीसला फोन करायचा न्हाय, हे तुम्ही न विचारता सांगितलं. माझं मशीन विचारूनसुद्धा सांगत न्हाय!"

*

या नव्या फोनांची एक खोड होती. जुन्या बोर्डाचा नंबर भिंतीचा असायचा. भिंतीत तार, तारेला नंबर. माणूस गेला तरी नंबर तिथंच. नव्या फोनाचा पत्ता फोनाच्याच पोटात. फोन उचलून दुसऱ्या खोलीत लावला, तर नंबरही कडेवरच्या लेकरासारखा त्याच्याबरोबर जातो.

हे आमच्या स्वामी डॉक्टरांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी आणि वाघमारे डॉक्टरांनी केबिनची अदलाबदल केली. स्वामी डॉक्टरांना तोंडावर ऊन नको होतं, वाघमारे डॉक्टरांना हवं होतं, दोघंही खूश. स्वामी डॉक्टरांनी आपला फोन काखेत मारला, नव्या केबिनमध्ये नेऊन लावला, आणि पाचव्या मिनिटाला त्यावर त्यांचाच फोन वाजला!

"कौसल्याबाई," ते ओरडत आले, "मागच्या बारीला खोली बदलली तवा वायरमन चार दिवस भिंत उकरत होता! ह्या पोरीनं तर आल्यापासून हात सुद्धा लावला न्हाय!"

पण वाघमारे डॉक्टर जुन्या वळणाचे. फोन खोलीचा असतो, तो आपण कसा न्यायचा, म्हणून त्यांनी आपला फोन तिथंच ठेवला. झालं. एका केबिनमध्ये दोन फोन, दुसऱ्यात एकही नाही. स्वामी डॉक्टर दिवसभर दोन कानांना दोन रिसीव्हर लावून बसलेले.

दिवस कलताना तबस्सुम वाघमारे डॉक्टरांचा फोन घेऊन धावत गेली. "सॉरी सर, सकाळपासून तुमचा एकपण फोन..."

डॉक्टर डबा पुसून पिशवीत ठेवत होते. शांतपणे म्हणाले, "पोरी, बारा वर्षं झाली या दवाखान्यात. आज पहिल्यांदा भाकरी एका बैठकीत संपली. उद्या आण तो फोन. घाई न्हाय."

*

पत्ता म्हणजे नेमकं काय, ते मी तिला एकदा खोदून विचारलं. मला अर्धवट कळलेलं चालत नाही. कळलं तर पुरतं, नाहीतर नकोच.

ती म्हणाली, "खाला, नंबर म्हणजे माणसाचं नाव. इंटरनेटचा पत्ता म्हणजे त्याचं घर. तुम्ही नावानं हाक मारता. मशीन यादीत बघतं, हे नाव सध्या कुठल्या घरात राहतं, आणि त्या दारावर जाऊन कडी वाजवतं. घर बदललं तर यादीत नवं घर लिहायचं. नाव तेच."

मी विचार केला. "आमच्या गावात, बेंबळीत, असंच हाय. लग्न होऊन पोरगी सासरी गेली की घर बदलतं. पन तिचं नाव बी बदलतेत!"

"मग यादीत ती सापडतच न्हाय, खाला."

"व्हय की गं!"

"म्हणून तर," ती तार सोलत म्हणाली, "लग्नाच्या आधी नोकरी पर्मनंट पाहिजे."

आयुष्यभर फोन जोडले मी. इतकं सरळ मला कुणी जोडून दाखवलं नव्हतं.

*

चूक तिचीही झाली. एकदाच झाली, पण झाली.

स्वयंपाकघराचा फोन धड चालेना. घटकेत लागायचा, घटकेत मुका. सोपानराव पळी हातात घेऊनच वर आले.

"ओ पोरी, हा फोन हाय का नवी नवरी? आत्ता हितं होता, आता बगावं तर माहेरी!"

तबस्सुम लॅपटॉप उघडून बसली. तासभर आकडे चाळले. मग एकदम कपाळावर हात मारला. "खरंच माहेरी जातोय, सोपानराव! तळघरात, औषधाच्या स्टोअरात!"

झालं असं होतं, की तिनं दोन फोनांना एकच पत्ता लिहिला होता. घर एक, दावेदार दोन. स्टोअरचा फोन जागा झाला की स्वयंपाकघराचा बाहेर, स्वयंपाकघराचा आत आला की स्टोअरचा उंबऱ्यावर. भाऊबंदकीच की!

मी म्हटलं, "गप बस. एक आकडा बदल, कुणाला कळतंय?"

ती उठली आणि थेट सेक्रेटरी साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मी दारात उभी. "सर, दोन फोन सकाळपासून आलटून पालटून बंद होते. चूक माझी हाय. आता नीट केलंय."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, संपली बिचारी.

"आता चालू आहेत?"

"हो सर."

"मग इथं काय करतेस?"

बाहेर आल्यावर मी तिला खूप बोलले. वेडी हायस का, म्हटलं, आब्बाचं बघ जरा. ती एवढंच म्हणाली, "आब्बा पहिलं हेच विचारत्यात, खाला. आज कुणाला खोटं बोललीस का? त्यांना दिसत न्हाय, पन कळतं."

चूक कबूल केलेली माणसं मी माझ्या जन्मात मोजली आहेत. एका हाताची बोटं पुरतात. त्यात मी नाही!

*

बाहेरून फोन आला की आता रेकॉर्ड केलेला आवाज बोलायचा: ओपीडीसाठी एक दाबा, ॲडमिट पेशंटसाठी दोन दाबा. आवाज कुणाचा? माझा! तबस्सुम अडूनच बसली. म्हणाली, लोकांना तीस वर्षं ज्या आवाजाची सवय आहे तोच पाहिजे. कर्नाटकाच्या हद्दीवरून फोन येतात म्हणून मी दोन वाक्यं कानडीतही बोलले. कानडी मी पेशंटांच्या नातेवाइकांकडून उचललं, कुणाच्या शाळेत नाही.

आठवड्यानं येरमाळ्याचे एक म्हातारबा तक्रार घेऊन आले. डोक्याला पटका, हातात काठी, चेहरा लाल. सेक्रेटरी साहेब नेमके तिथंच उभे.

"साहेब, तुमच्या फोनवरली बाई लई आगाऊ हाय! मी म्हनलं, बाई, माझ्या सुनंची तब्येत कशी हाय? तर म्हनती एक दाबा. मी म्हनलं, बया, आदी ऐकून तर घे! तर म्हनती दोन दाबा. मी धा मिंटं समजावलं तिला. गोडीत बोललो, रागं भरलो, हात जोडले. ती आपलंच म्हननं लावून धरती! कुनाचं ऐकूनच घेत न्हाय!"

तबस्सुम समजावायला पुढं झाली. "बाबा, ती खरी बाई न्हाय, ती रेकॉर्ड..."

साहेबांनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "बाबा, ती खरी आहे. तीस वर्षं झाली, आमचंही ऐकत नाही!"

*

आता खंडेनवमीचं सांगते.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा विळा-कोयता, तशी दवाखान्याची हत्यारं. मोठ्या हॉलमध्ये पांढरी चादर अंथरायची. कात्र्या, चिमटे, बीपीची मशिनं, अँब्युलन्सची चावी, सोपानरावांची पळी सुद्धा. सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आरती, पेढे. माझा बोर्ड भिंतीत असायचा, म्हणून त्याची पूजा जागेवरच व्हायची.

या वर्षी फोन भिंतीत नव्हते. खट् करून निघत होते.

मी सकाळी घरची पूजा उरकून जरा उशिरा पोचले. तबस्सुम तळघरात तारा बांधत होती. वर आमच्या शिपाई लोकांनी, अगदी भक्तिभावानं, सगळ्या खोल्यांतले फोन काढून हॉलमध्ये आणले. चौतीसच्या चौतीस! ओळीनं मांडून, फडक्यानं पुसून, प्रत्येकाला हळदकुंकू. आरती झाली, पेढे वाटले. आणि मग ज्याच्या हाताला जो आला, तो फोन घेऊन तो आपल्या खोलीत गेला. सगळे काळे, सगळे सारखे, सगळ्यांच्या कपाळाला कुंकू!

आम्हाला कळलं तेव्हा तीन वाजत आले होते. एक्स-रेच्या बाईंनी ओपीडीला फोन लावला तर सोपानरावांनी उचलला. "बाई, हितं आमटी हाय, डॉक्टर न्हाय!"

तबस्सुम हॉलच्या दारात उभी राहिली. रिकामी चादर, चुरगळलेली फुलं. साहेब चारला येणार होते.

"खाला, संपलं."

"संपलं म्हनायला तू डॉक्टर हायस का? बस खाली. फोन परत फिरवाया किती येळ लागंल?"

"चौतीस खोल्या, तीन मजले. आधी शोधायचे, मग हलवायचे. चारपर्यंत न्हाय होणार."

मग तिनंच लॅपटॉप उघडला. "फोन हलवायचेच न्हाईत," ती हळूच म्हणाली. "घरं राहू देत जिथं गेली तिथं. नावं फिरवू. फक्त कुठला फोन आत्ता कुठल्या खोलीत बसलाय ते कळलं पाहिजे."

"ते मी इचारते."

मी बोर्डाच्या खोलीतल्या फोनपाशी बसले, आणि एकेक नंबर फिरवायला लागले. जुने दिवस आले परत! कोणी उचललं की मी विचारायची खोली कुठली, ती यादीत त्या पत्त्यासमोर खरा नंबर लिहायची. पण आमची माणसं!

"बारा नंबर, कुठं हाईस?"

"हितंच हाय, कौसल्याबाई."

"हितं म्हंजी कुठं?"

"हितं... फोनपाशी!"

"आरं, फोन कुठं हाय?"

"माझ्या हातात!"

तबस्सुम रडता रडता हसली. मी शिव्या घातल्या, पण पुढं गेले. काही खोल्यांत कुणीच उचलेना, तिथं मी ओरडून दुसऱ्या खोलीतल्या माणसाला पळवला. साडेतीनला बावीस झाले. पावणेचारला एकतीस. दोन फोन लावलेलेच नव्हते, खुर्चीवर नुसते ठेवलेले; ते लावून घेतले. तेहतीस.

चौतिसावा कुठंच वाजेना.

तो हॉलमध्येच होता. देवाच्या फोटोपुढं, झेंडूच्या ढिगाखाली. लेबर रूमचं कुणी तो न्यायलाच आलं नव्हतं. सकाळपासून तिथं बेंबळीकडची एक बाळंतीण अडलेली, इंदू सिस्टरला श्वास घ्यायला उसंत नव्हती. मी फोन पदरात घेतला आणि जिना चढले. माझे गुडघे मला काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दार किलकिलं करून इंदूनं हात बाहेर काढला, फोन घेतला, दार लावलं. आतून खट् आवाज आला. बस, तेवढंच ऐकून मी खाली आले.

तबस्सुमनं शेवटची ओळ लिहिली आणि साहेब दारात!

ते खुर्चीत बसले. टेबलावरच्या फोनला लावलेलं कुंकू त्यांच्या बोटाला लागलं. त्यांनी बोटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, तबस्सुमकडं बघितलं.

मी तबस्सुमनं छापलेला नंबरांचा कागद पुढं केला. तो त्यांनी बाजूला सारला. नंबर त्यांचे त्यांनाच पाठ होते. त्यांनी स्पीकर चालू केला आणि दोन बटणं दाबली. दोन. एक.

तबस्सुमनं माझा हात धरला.

एक रिंग. दोन. तीन. चार. पाच. कुणीतरी उचललं.

"कोन हाय?"

"मी सेक्रेटरी बोलतोय. हा फोन कुठल्या खोलीत..."

"सेक्रेटरी? साहेब, हितं डोकं दिसाया लागलंय! तुमी हात धुऊन येताव का धराया? न्हाय ना? मग ठिवा फोन!"

खट्!

त्या दवाखान्यात साहेबांशी असं बोलायची छाती आजवर माझी सुद्धा झाली नव्हती. साहेबांनी स्पीकर बंद केला. रुमाल काढला, बोटाचं कुंकू सावकाश पुसलं, घडी घालून रुमाल खिशात ठेवला.

"लेबर रूमच आहे," ते म्हणाले.

मग उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून वळून तबस्सुमला म्हणाले, "आयकार्डाला दोन फोटो लागतील. सोमवारी घेऊन ये."